त्या दिवशी दुसरं काय करता आलं असतं?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पहिल्या महायुद्धावरच्या तुझ्या प्रबंधाचं प्रकरण वाचलं आणि त्याखाली लिहिलेला मजकूरही. ‘मॅडम, पहिलं महायुद्ध होणारच होतं असं सगळीकडे वाचायला मिळतं. एक गट जर्मनीला दोष देतो, दुसरा म्हणतो सगळेच सारखे जबाबदार. दोन्ही बाजू वाचल्या की दोन्ही पटतात. मग मी नवं काय शोधणार? विषय बदलून घेऊ का?’

विषय बदलू नकोस. एवढं सांगून पत्र संपवता आलं असतं, पण तुझ्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. असाच गोंधळ मी वर्षानुवर्षं वर्गात पाहिला आहे. हुशार मुलं त्याच वळणावर अडतात आणि विषय सोडून देतात. तू मेहनती आहेस, वाचतोस, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल शाबासकी देण्यात तुझा वेळ घालवत नाही.

तुझ्या प्रकरणाचं पहिलं पान घे. लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद. दहावीच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेच्या गाईडपर्यंत हीच यादी. मग ‘युरोप हे दारूचं कोठार झालं होतं आणि साराजेवोत ठिणगी पडली’ हे वाक्य. हे वाक्य आधी खोड. त्यात माणूसच नाही. कोठारात दारू आपोआप साठते, ठिणगी आपोआप पडते, आणि लाखो माणसं मरतात तरी कोणी काही केलेलंच नसतं.

आता मी विचारते त्याचं उत्तर दे. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला तेव्हा ही चारही कारणं हजर होती. तरी मार्च १९०९ मध्ये सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाने माघार घेतली आणि युद्ध झालं नाही. १९११ साली जर्मनीने मोरोक्कोतल्या अगादीरला युद्धनौका पाठवली. करार होते, तोफा होत्या, वर्तमानपत्रं पेटलेली होती. वाटाघाटी झाल्या आणि नोव्हेंबरात तह झाला. १९१२ च्या हिवाळ्यात बाल्कन युद्धामुळे ऑस्ट्रिया आणि रशिया दोघांनीही सीमेवर सैन्य वाढवलं होतं. तेव्हा लंडनला राजदूतांची परिषद बसली आणि प्रकरण निवळलं. ऑक्टोबर १९१३ मध्ये तर ऑस्ट्रियाने सर्बियाला अल्बानियातून सैन्य काढण्यासाठी आठ दिवसांची निर्वाणीची मुदत दिली होती. सर्बियाने सैन्य काढलं. नऊ महिन्यांनी तेच दोन देश, तसाच निर्वाणीचा खलिता, आणि या वेळी जग पेटलं. तुझी यादी हा फरक समजावून देते का? नाही देत. घरात पीठ, मीठ, सरपण सगळं असतं म्हणून भाकरी होत नाही. चुलीपाशी कोणीतरी बसावं लागतं. तुला ते ‘कोणीतरी’ शोधायचं आहे.

म्हणून मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आले आणि तोच तुझ्या हातात देते आहे. त्या दिवशी, त्या टेबलापाशी बसलेल्या माणसाला दुसरं काय करता आलं असतं? आज आपल्याला जे ठाऊक आहे ते बाजूला ठेव. त्याला त्या दिवशी काय ठाऊक होतं, त्याच्यासमोर कोणते रस्ते उघडे होते आणि त्यातला हाच का निवडला, हे विचार. प्रत्येक पानावर विचार.

बोस्नियातल्या साराजेवोपासून सुरू करू. २८ जून १९१४, रविवार. सकाळी नदीकाठच्या रस्त्यावर कटातल्या चाब्रिनोविचने टाकलेला बॉम्ब ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडच्या मोटारीच्या दुमडलेल्या टपावरून घरंगळला आणि मागच्या गाडीतले लोक जखमी झाले. आर्चड्यूक नगरभवनात गेला, स्वागताची भाषणं झाली. मग ठरलं की जखमी अधिकाऱ्याला पाहायला इस्पितळात जायचं, म्हणजे ठरलेल्या वळणावर न वळता नदीकाठाने सरळ जायचं. हे ड्रायव्हरला कोणी सांगितलंच नाही. तो लॅटिन पुलापाशी आधीच्या कार्यक्रमाप्रमाणे उजवीकडे वळला. पुढे बसलेला गव्हर्नर पोटिओरेक ओरडला, गाडी थांबली, ती नेमकी शिलरच्या दुकानासमोर, आणि तिथे कटातलाच एकोणीस वर्षांचा बोस्नियन सर्ब गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. त्याने गोळ्या झाडल्या. तो तिथे सँडविच खात होता ही गोष्ट तू लिहिली आहेस. ती काढ. ती फार नंतर कोणीतरी रंगवलेली गोष्ट आहे. प्रिन्सिप तिथे उभा होता कारण जाहीर झालेला मार्ग तिथून जात होता. रंगतदार गोष्टीचा मोह आवरला नाहीस तर पुढे कागदपत्रांशी तुझं जमणार नाही.

या खुनात एक गोष्ट मला नेहमी छळते आणि तुझ्या प्रकरणात तिचा उल्लेखही नाही. व्हिएन्नाच्या दरबारात सर्बियाशी युद्ध नको म्हणणारा सगळ्यात वजनदार माणूस हा आर्चड्यूकच होता. सेनाप्रमुख कॉनराड वारंवार युद्ध मागत होता आणि फ्रान्झ फर्डिनांड त्याला अडवत होता. म्हणजे प्रिन्सिपच्या गोळीने युद्धाला निमित्त दिलं आणि युद्ध अडवणारा माणूसही हिरावला. तरीसुद्धा त्या रविवारी युद्ध ठरलेलं नव्हतं. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात येऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. गायकवाड वाड्यात येणाऱ्या कोणाच्या मनात बोस्निया असण्याचं कारण नव्हतं. लंडनच्या मंत्रिमंडळाचंही सगळं लक्ष आयर्लंडवर होतं.

युद्ध पुढच्या पाच आठवड्यांत ठरलं. ५ जुलैला पॉट्सडॅममध्ये जेवणाच्या टेबलावर कैसर विल्हेल्मने ऑस्ट्रियाच्या राजदूताला सांगितलं की जर्मनी तुमच्या पाठीशी आहे, रशिया मध्ये पडला तरी. त्यालाच आपण ‘कोरा धनादेश’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी कैसर नॉर्वेच्या सफरीवर निघून गेला. हंगेरीचा पंतप्रधान टिसा युद्धाला विरोध करत होता, तो १४ जुलैपर्यंत करत होता. एक माणूस साम्राज्याला दोन आठवडे रोखून धरतो, हे वाचूनही तुला ‘होणारच होतं’ असं कसं लिहवतं? मग २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, खुनाबद्दल जाब विचारणारा ऑस्ट्रियाचा खलिता दिला गेला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पीटर्सबर्गला पाहुणे होते, ते निघून जाईपर्यंत मुद्दाम थांबून. म्हणजे फ्रान्स आणि रशिया एका खोलीत असताना त्यांना बोलू द्यायचं नाही, एवढा विचार केलेला होता. सगळे झोपेत चालल्यासारखे युद्धात शिरले असं म्हणतात, पण झोपेत चालणारी माणसं वेळ इतकी नेमकी साधत नाहीत.

अठ्ठेचाळीस तासांची मुदत. सर्बियाने जवळजवळ सगळं मान्य केलं. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियात येऊन न्यायालयीन चौकशीत भाग घ्यायचा हे कलम मात्र साफ नाकारलं. ऑस्ट्रियाचा बेलग्रेडमधला राजदूत गीझ्ल उत्तर हातात पडल्यावर अर्ध्या तासात आगगाडीत बसला. सामान आधीच बांधलेलं होतं.

आता २८ जुलैची सकाळ. तुझ्या प्रकरणात ही सकाळ अर्ध्या ओळीत येते, तिला चार पानं दे. सफरीवरून परतलेला कैसर सर्बियाचं उत्तर वाचतो आणि त्याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहितो की यामुळे युद्धाचं प्रत्येक कारण नाहीसं होतं. तो सुचवतो की ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड ताब्यात ठेवून थांबावं. ज्याने कोरा धनादेश दिला, तोच तो परत घ्यायला निघाला होता. आणि त्याच दिवशी दुपारच्या आत व्हिएन्नाने तारेने युद्ध पुकारलं. कैसरची सूचना चान्सलर बेथमान-हॉलवेगने व्हिएन्नाला धाडली ती संध्याकाळ उलटल्यावर, आणि तीही अशी तासून की आम्ही तुम्हाला मागे खेचतो आहोत असं वाटता कामा नये. बेथमानला त्या दिवशी दुसरं काय करता आलं असतं? तो ती सूचना जशीच्या तशी, लगेच, जोर लावून पाठवू शकत होता. त्याच्यासमोर तारयंत्र होतं, राजाचा शब्द होता. त्याने पाठवली नाही. युद्धाचं कारण शोधतोस ना? ते इथे आहे, एका चान्सलरच्या मसुद्यात.

पीटर्सबर्गलाही हाच प्रश्न विचार. २९ जुलैला झारने संपूर्ण सैन्य उभं करण्याचा हुकूम दिला आणि कैसरची तार आल्यावर त्याच रात्री मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोवने त्याचं मन वळवलं, आणि लगेच सेनाप्रमुखाला फोन करून सांगितलं की आता तुमचा टेलिफोन फोडून टाका. म्हणजे झारचं मन पुन्हा बदललं तर निरोप पोचायलाच नको. असं बोलणारा माणूस ‘अटळ’ घटनेत वाहून चाललेला असतो का? त्याला चांगलं ठाऊक असतं की अजून थांबता येईल. म्हणूनच तो फोन फोडायला सांगतो.

तू म्हणशील, मॅडम, हा तर राजे आणि सेनापतींचा इतिहास झाला. अर्थव्यवस्था, समाज, रेल्वेची वेळापत्रकं कुठे गेली? ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता माझा धीर सुटतो. रेल्वेचीच गोष्ट घे. १ ऑगस्टला संध्याकाळी बर्लिनला लंडनच्या राजदूताची तार आली. तिचा अर्थ असा घेतला गेला की ब्रिटन तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही आवरेल. कैसर खुशीत म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेकडे, रशियावर नेऊ. सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला, ते होणार नाही. लाखोंची मांडणी ऐन वेळी बदलता येत नाही. कैसरने त्याला टोमणा मारला की तुझ्या काकाने, म्हणजे जुन्या सेनाप्रमुखाने, वेगळं उत्तर दिलं असतं. रात्री उशिरा कळलं की तारेचा अर्थच चुकीचा लावला होता, आणि मोल्टकेला मोकळीक मिळाली. आता ‘रचना’ म्हणून हात झटकणारे म्हणतात, बघा, वेळापत्रकाने युद्ध केलं. पण फक्त पूर्वेकडे सैन्य नेण्याचा आराखडा जर्मन सेनाकार्यालयाने १९१३ मध्ये ठेवणंच बंद केलं होतं. कोणीतरी, एका टेबलापाशी, ठरवून. आणि जर्मन लष्करी रेल्वेच्या प्रमुखाने पुढे पुस्तक लिहून दाखवलं की वळवणं शक्य होतं. रस्ता बंद होता असं जेव्हा जेव्हा वाचशील, तेव्हा विचार की तो कोणी बंद केला, कधी केला, आणि त्या दिवशी दुसरं काय करता आलं असतं. रचना म्हणजे आधीच्या माणसांचे निर्णय. त्यांनाही तारखा आहेत. शोधल्या तर सापडतात.

करारांचंही तेच. करारांनी सगळ्यांना आपोआप ओढलं म्हणतोस, तर इटली कुठे गेला? इटली जर्मनी-ऑस्ट्रियाच्या करारात होता. ऑगस्ट १९१४ मध्ये तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये समोरच्या बाजूने उतरला. करार वाचून दाखवणारी आणि करार गुंडाळून ठेवणारी माणसंच होती. ब्रिटनच्या मंत्रिमंडळात तर ऑगस्टच्या पहिल्या दोन दिवसांपर्यंत बहुमत युद्धाच्या बाजूला नव्हतं. बेल्जियमवरच्या जर्मन चालीने निर्णय फिरवला, तरीही मोर्ले आणि बर्न्स हे दोन मंत्री राजीनामा देऊन बाहेर पडले. निदान त्या दोघांना त्या दिवशी दुसरं काहीतरी करता आलं.

दोष कोणाचा, या तुझ्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमाने सगळा भार जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर टाकला आणि त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून ‘सगळेच घसरले’ हे म्हणणं रुजलं. दोन्ही सोयीची आहेत. तारखा लावून बसलास तर दिसेल की सगळ्यांचे हात सारखे माखलेले नाहीत. व्हिएन्नाला सर्बियाशी युद्ध हवंच होतं. बर्लिनने डोळे उघडे ठेवून त्याला वाट दिली आणि थांबवायची वेळ आली तेव्हा थांबवलं नाही. पीटर्सबर्गने घाई केली. पॅरिसने मित्राला आवर घातला नाही. लंडनने आपलं मन वेळेत स्पष्ट केलं नाही. या क्रमाने. हे मी ठामपणे सांगते आणि तू माझ्याशी भांडू शकतोस, पण भांडताना तारीख घेऊन ये.

मी जुलै १९१४ शिकवायला लागले की महिना जायचा. पोर्शन मागे राहायचं. दोन महायुद्धांच्या मधला काळ मग घाईत उरकावा लागे. विभागात यावरून बोलणी बसली, एकदा लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहून दिलं की मुलांना पाच आठवडे नीट कळले तर पुढची पंचवीस वर्षं ती आपली आपण वाचतील. आजही तेच लिहून देईन. परीक्षेत ‘कारणे विशद करा’ला दहा मुद्द्यांचे दहा गुण मिळतात, आणि एका तारेवर तीन पानं लिहिणाऱ्या मुलीला चार मिळतात, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. ती मुलगी नंतर बँकेत गेली. तिची उत्तरपत्रिका मला अजून आठवते. मला स्वतःला व्हिएन्नाचा दफ्तरखाना पाहायचा होता. रजा मंजूर झाली नाही, मग घरची आजारपणं आली, मग वय झालं. माझा संशोधनाचा आराखडा ‘यात नवीन काही निघणार नाही’ असा शेरा मारून परत आला होता. तुझ्या मजकुरात नेमके तेच शब्द वाचले आणि मी उठून बसले. म्हणून इतकं कडक लिहिते आहे. तुझ्याकडे पडद्यावर उघडणारी छापील कागदपत्रं आहेत, इंग्रजी अनुवाद आहेत. मला एकेका खंडासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत. ‘नवीन काय’ हे तुझ्या तोंडी शोभत नाही.

आता कलाटणीचे प्रसंग. इथेही तू यादीच केली आहेस: मार्न, व्हर्दून, जटलंड, अमेरिकेचा प्रवेश, रशियन क्रांती, १९१८. लढाईत किती मेले यावरून कलाटणी ठरत नाही. व्हर्दून भयंकर होतं, पण त्याने युद्धाची दिशा फारशी बदलली नाही. दिशा बदलते ती निर्णयाने.

सप्टेंबर १९१४ मधली पॅरिसजवळची मार्नची लढाई घे. पॅरिसच्या टॅक्सीत बसून सैनिक आघाडीवर गेले, हे तू अर्धं पान लिहिलंस. सुमारे सहाशे टॅक्सींनी काही हजार माणसं नेली. लोकांचं मन उभं राहिलं खरं, पण लढाई त्यांच्यामुळे फिरली नाही. फिरली ती जर्मन मुख्यालयातल्या लेफ्टनंट कर्नल हेंचमुळे. मोल्टके लक्झेंबर्गमध्ये, आघाडीपासून लांब, बातम्या तुटक. त्याने ८ सप्टेंबरला हेंचला मोटारीने पाठवलं. सोबत लेखी हुकूम नाही. दुसऱ्या सैन्याचा ब्यूलो खचलेला, पहिल्या सैन्याचा क्लूक अजून जिंकायच्या तयारीत, आणि दोघांमधल्या भगदाडात ब्रिटिश शिरत होते. रात्र ब्यूलोच्या ठाण्यावर काढून ९ तारखेला हेंच क्लूकच्या ठाण्यावर पोचला, क्लूकला भेटलाही नाही, त्याच्या कार्यप्रमुखाशी बोलला आणि माघारीचं सांगितलं. एका लेफ्टनंट कर्नलच्या तोंडी शब्दावर पॅरिसजवळ आलेलं सैन्य मागे फिरलं आणि चार वर्षांचे खंदक सुरू झाले. हेंच चुकला का? १९१७ मध्ये जर्मनांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं. मला वाटतं भगदाड पाहता त्याने बरोबर केलं. पण तू माझं ऐकू नकोस. त्याच्या गाडीत बस आणि त्याला दिसलं तेवढंच पाहा.

तुझा खरा विषय मात्र यापुढे आहे. ९ जानेवारी १९१७, सायलेशियातला प्लेसचा वाडा, जर्मन मुख्यालय. तुझ्या प्रबंधाचा कणा तो दिवस होऊ शकतो.

नौदलाचा प्रमुख होल्त्सेनडॉर्फ आकडे घेऊन आला होता. पाणबुड्यांवरचे निर्बंध उठवा, महिन्याला सहा लाख टन जहाजं बुडवू, पाच महिन्यांत, पुढचं पीक हाती येण्याआधी, ब्रिटन तह मागेल. अमेरिका युद्धात उतरेल, पण तिचे सैनिक पोचण्याआधी खेळ संपलेला असेल. सेनेची सूत्रं हाती असलेले हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ त्याच्या बाजूला. बेथमान-हॉलवेग, तोच जुलै १९१४ चा, मनातून विरोधात; बोलत राहिला आणि शेवटी मान तुकवली. १ फेब्रुवारीपासून निर्बंध उठले. ६ एप्रिलला अमेरिका युद्धात.

आता हे नीट वाच. होल्त्सेनडॉर्फचे आकडे खोटे नव्हते. एप्रिल १९१७ मध्ये बुडालेली जहाजं साडेआठ लाख टनांच्या वर गेली. गणित बरोबर आणि निष्कर्ष चूक. कारण ब्रिटन हे गणित मुकाट्याने सोसत बसेल असं त्याने धरलं होतं. मे महिन्यापासून जहाजं ताफ्याने, युद्धनौकांच्या पहाऱ्यात जाऊ लागली. धान्याचा वापर बदलला, शेतं वाढवली. आणि प्लेसला त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हतं की दोन महिन्यांनी झार पायउतार होणार आहे. थांबले असते तर पूर्वेची आघाडी आपोआप ढासळताना पाहायला मिळाली असती. शिवाय नोव्हेंबर १९१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने आपल्या बँकांना ब्रिटनच्या कर्जाबद्दल सावध केलं होतं. ब्रिटनकडचे डॉलर संपत चालले होते. म्हणजे समोरचा दम सोडायच्या बेतात असताना जर्मनीने त्याला अमेरिकेची थैली आणि पुढे वीसेक लाख सैनिक आपल्या हाताने मिळवून दिले. अमेरिकेविरुद्ध मेक्सिकोची साथ मागणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानची तार त्यानंतरची. तिला सगळी पुस्तकं डोक्यावर घेतात, पण ती या निर्णयाची शेपटी आहे.

विचार ना, त्या दिवशी दुसरं काय करता आलं असतं! बेथमानला राजीनामा देता आला असता. क्रांतीचं भाकीत करणं शक्य नव्हतं हे मान्य, पण चार महिने थांबून पाहणं शक्य होतं. घाई कोणी लावली, ती भूक होती की भीती की मान, हे शोध. जर्मनीत तो सलगमावर काढलेला उपासमारीचा हिवाळा होता, हे विसरू नकोस. हे तू करू शकतोस. याला ‘नवीन’ म्हणतात.

१९१८ मी लवकर उरकते. मार्चमधली लुडेनडॉर्फची धाव, ८ ऑगस्टला आमियां, सप्टेंबरअखेर स्वतः लुडेनडॉर्फचीच युद्धबंदीची मागणी. हे सगळं प्लेसच्या उताराने खाली येतं.

एक शेवटचं प्रकरण जोड, आणि ते आपल्या मातीतलं आहे म्हणून भावुक होऊन लिहू नकोस. तुर्कांच्या ताब्यातल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली ती सहावी डिव्हिजन, नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी मराठा पलटण होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतला, अबादानचं तेल सुरक्षित झालं, काम फत्ते. तिथे थांबता आलं असतं. सप्टेंबर १९१५ मध्ये कुत घेतलं, तिथेही थांबता आलं असतं. जनरल निक्सनला बगदाद दिसत होतं, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत तोंड पोळलेल्या लंडनला एक विजय हवा होता, व्हाइसरॉय हार्डिंगने होकार भरला. ऑक्टोबरात परवानगीची तार गेली. प्रत्यक्ष सैन्य नेणाऱ्या टाउनशेंडला हे झेपणार नाही असं वाटत होतं, त्याने ते कळवलंही, आणि तरी तो निघाला. बगदादजवळ टेसिफनला चार हजारांहून जास्त माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली. मग कुतमध्ये जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा. आपली पोरं घोड्याचं मांस तोंडाला लावायला तयार नव्हती, अंगाने झडत गेली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यातले कितीतरी वाटेतच पडले.

माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत लिहिलंय की या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यातले इतके कामी आले. नावं नाहीत, नुसते आकडे. अशा पाट्या आपल्याकडे गावोगाव आहेत. हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं समुद्रापार गेली, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास मेली. त्या पाटीखाली उभं राहून कोणी मला ‘साम्राज्यवादामुळे’ म्हटलं तर ते खोटं नाही, पण मला पुरत नाही. त्या पाटीवरच्या माणसांना ऑक्टोबर १९१५ च्या एका तारेने बगदादच्या वाटेला लावलं. त्या तारेवर सह्या होत्या. सह्या करणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, आणि पाटीवरच्या या माणसांची नाहीत. हे मी विसरू शकत नाही आणि तूही विसरू नयेस असं मला वाटतं.

तर आता काम. पहिल्या पानावरची यादी काढून टाक. १९०९, १९११, १९१२, १९१३ हे चार टळलेले प्रसंग आधी लिही, प्रत्येकात कोण मागे सरलं आणि का. मग २८ जुलै. मग प्लेस. कुत शेवटी. जर्मन शिकायला लाग, निदान तारा वाचण्यापुरतं. पुण्यात वर्ग आहेत, फी मी भरेन, यावर वाद नको. मार्गदर्शकांना विषय बदलण्याचा अर्ज दिला असशील तर उद्याच मागे घे. प्लेसवरची दहा पानं दिवाळीच्या आत मला पाठव, हाताने लिहिलीस तरी चालतील. त्यात ‘होणारच होतं’ असं कुठे आलं तर तिथेच वाचणं थांबवून परत पाठवीन.

तुझी,
मॅडम